झिरो बघा

पेट्रोल पंपावर आजवर मला सर्वांत जास्त वेळा ऐकवलेलं वाक्य म्हणजे ‘काका, झिरो बघा.’ साताऱ्यात पोवई नाक्यावर असो, कराडला कोल्हापूर नाक्यावर असो, नाहीतर सांगलीत विश्रामबागला असो. पोरगं नोझल टाकीत घालतं, हनुवटीनंच मशीनकडे खूण करतं आणि हे दोन शब्द टाकतं. मी बघतो. चष्मा खिशात असला तर न बघताच ‘हं’ म्हणतो. बरीच वर्षं मला ही सौजन्याची रीत वाटत होती. पुढे ध्यानात आलं की ही सहीशिवायची पावती आहे. तुम्ही झिरो बघितलात, तुम्हीच ‘हं’ म्हणालात, आता कमी पडलं तर ते तुमच्या नजरेचं पाप. रजिस्ट्रार कचेरीत साक्षीदाराला पुढे ओढून अंगठा घेतात, त्यातलाच हा प्रकार.

परदेशी जाऊन आलेली मंडळी कौतुकानं सांगतात की तिकडे पेट्रोल आपलं आपण भरायचं असतं, आणि आपल्याकडे बघा, माणूस भरून देतो. मला हे अर्धंच खरं वाटतं. नोझल धरण्यापुरता माणूस आपल्याकडे उरलाय. हवा बघणं, ऑइल बघणं, काच पुसणं हे त्याच्याकडून केव्हाच गेलं. माप बरोबर आहे का, भेसळ आहे का, पावतीवरचा आकडा आणि मशीनवरचा आकडा जुळतो का, हे सगळं आपल्या अंगावर आलं. ज्याला आपण सेवा म्हणतो तिचा कष्टाचा भाग त्याच्याकडे आणि काळजीचा भाग आपल्याकडे, अशी ही वाटणी आहे. सेल्फ सर्व्हिस आपल्याकडे आलीच नाही असं म्हणताना मी म्हणून जरा अडखळतो.

आमच्या घरात बजाज प्रिया होती. साताऱ्याला त्या गाडीचं अगत्य जरा जास्तच, कारण ती इथेच तयार व्हायची. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून 1975 साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, कारखाना साताऱ्यात घातला, आणि चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या लोकांना तिची ही धाकटी बहीण मिळाली. प्रिया टू-स्ट्रोक. नुसतं पेट्रोल घालून भागायचं नाही, त्यात ऑइल मिसळावं लागायचं, लिटरला साधारण वीस मिलिलिटर. पंपावर त्यासाठी वेगळं यंत्र असायचं. वर ऑइलची छोटी टाकी, बाजूला दांडा. दांडा ओढला की ठरलेलं माप पडायचं. पेट्रोल किती हे वडील सांगायचे, ऑइल किती हे पंपावरचे मामा ठरवायचे. ‘गुरुजी, धूर लई काढतीय, आज एक दांडा कमी मारतो,’ असं म्हणायचे आणि वडील, जे घरात मिठाचं प्रमाणसुद्धा दुसऱ्याला ठरवू देत नसत, ते मान डोलवायचे. मग झाकण लावून हँडल आणि सीट धरायची आणि स्कूटर गदागदा हलवायची, म्हणजे ऑइल पेट्रोलात नीट मिसळतं. हलवण्याचं काम मामांचंच. मी बाजूला उभा राहून वास घेत असायचो. तो वास मला आवडायचा. त्या वासाबद्दल पुढे बोलायचंय.

पुण्याहून खंबाटकी चढून आलेली एखादी ॲम्बॅसिडर किंवा फियाट बॉनेट उघडून, वाफा सोडत पंपाच्या कडेला उभी असायची. मामा फडकं हातावर गुंडाळून रेडिएटरचं झाकण हळूच फिरवायचे, डब्यानं पाणी ओतायचे. ट्रकवाले टायरवर लोखंडी पान्हा आपटून आवाजावरून हवा ओळखायचे आणि मामांचं मतही विचारायचे. पंप म्हणजे त्या काळी गाड्यांचा दवाखाना होता. पेट्रोल तिथं औषधासारखं मिळायचं, आधी तब्येतीची चौकशी होऊन.

हे आठवून गळा दाटून आणण्याची सोय आहे. पण त्यात एक मेख आहे. मामा भले होते हे खरं, तरी ती चौकशी त्यांच्या भलेपणातून कमी आणि गाड्यांच्या नाजूकपणातून जास्त यायची. ऑइल मिसळावंच लागायचं, पाणी घालावंच लागायचं, ट्यूब रोज थोडी थोडी बसायचीच. 1985 साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी-100 आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं तिच्या जाहिरातीचं सांगणं होतं. विसरायचं कशाला, तर पेट्रोल पंपाला. माझ्या मते पंपावरच्या जुन्या सेवेचा मृत्युलेख त्या जाहिरातीत होता, आणि आपण तो आनंदानं वाचला. पुढे ट्यूबलेस टायर आले, इंजिनं तापेनाशी झाली, ऑइल बदलायचं काम सर्व्हिस सेंटरकडे गेलं. मामांच्या हातून एकेक काम गळत गेलं आणि शेवटी नोझल राहिलं.

मापाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिथं थोडं थांबावं लागेल.

एकेकाळी पेट्रोल पत्र्याच्या डब्यांतून यायचं. नंतर हातानं चालवायचे पंप आले. आमच्या आजोबांच्या पिढीची माणसं त्यांच्याबद्दल सांगताना हातवारे करायची: वर काचेच्या बरण्या, खाली दांडा, दांडा हापसला की पेट्रोल ठळक रंगानं बरणीत चढायचं, खुणेपर्यंत आलं की नळीतून गाडीत उतरायचं. गिऱ्हाईक समोर उभं. बरणी भरलेली दिसायची, रिकामी झालेली दिसायची. हिशोब डोळ्यांनी व्हायचा. दुधाच्या मापाला फेस येतो म्हणून जो माणूस गवळ्याशी भांडतो, त्यालाही इथं भांडायला जागा नव्हती. तेव्हा माप गॅलनचं होतं. 1956च्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्यानं आली आणि गॅलनचे लिटर झाले. पंपांवरच्या पाट्याही बदलल्या. एस्सोचं 1974 साली हिंदुस्थान पेट्रोलियम झालं, बर्मा-शेल 1976 साली सरकारनं घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला भारत पेट्रोलियम हे नाव मिळालं, कॅलटेक्स हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विरघळलं. तरी सांगली-मिरजेकडची जुनी माणसं ‘बर्मा शेलच्या पंपावर ये’ असंच सांगत राहिली.

काचेच्या जागी आकड्यांची चाकं आली. रुपयांची एक रांग, लिटरची एक रांग, पेट्रोल वाहू लागलं की चाकं खटखट फिरायची. दर खेपेला मागचा आकडा पुसायला बाजूचा दांडा फिरवून चाकं शून्यावर आणायला लागायची. ‘झिरो बघा’चं मूळ त्या दांड्यात आहे. तो फिरवायचा राहिला, किंवा राहू दिला, तर तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाचं पेट्रोल तुमच्या खात्यावर. पण निदान चाकं पेट्रोलच्या प्रवाहाला लोखंडानं जोडलेली होती. आता मीटरच्या फिरण्याचे विजेचे ठोके होतात, ठोके मोजले जातात आणि मोजणीचा आकडा पडद्यावर उमटतो. ठोके देणाऱ्या त्या भागाला पल्सर म्हणतात. प्रवाह आणि आकडा यांच्यामध्ये एक दुभाषी आला म्हणायचं. दुभाष्याला लाच देता येते.

तशी दिली गेलीच. 2017च्या एप्रिलमध्ये लखनौच्या पंपांवर चिप बसवून माप मारल्याचं उघड झालं. जूनपासून ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात धाडी घालायला सुरुवात केली आणि प्रकरण जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलं. ठोके जास्त मोजायचे, पेट्रोल कमी सोडायचं, एवढीच ती विद्या. मुद्दा असा की त्या गिऱ्हाइकांनीही झिरो बघितला होता. झिरो चोख होता. झिरोनंतरचं खोटं होतं.

त्यामुळे पंपाच्या भिंतीवर गिऱ्हाइकाच्या हक्कांची जी पाटी असते ती मी आता गंभीरपणे वाचतो. प्रमाणित पाच लिटरच्या मापानं मोजून मागता येतं. फरक चालतो तो पंचवीस मिलिलिटरपर्यंत. फिल्टर पेपर मागता येतो, त्यावर थेंब टाकायचा, उडून गेल्यावर डाग राहिला तर शंका घ्यायची. घनता रोज लिहिलेली असते. हवा फुकट. पाटी छान आहे. एकदा मी एका पंपावर (नाव सांगत नाही, कारण पुढे कळेल) पाच लिटरचं माप मागितलं. पोरानं माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याची जन्मपत्रिका मागितली. माप कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला. मागे दहाबारा गाड्या. ‘ओ काका, घरी जाऊन मोजा की,’ असं एक जण ओरडला आणि रांग हसली. शेवटी किल्ली आली, माप आलं, मोजलं. दहा मिलिलिटरचाही फरक नव्हता. मी ओशाळून पैसे दिले आणि निघालो. पाटीवरचा हक्क वापरल्याबद्दल मला लाज वाटली, याचा राग मात्र घरी पोचल्यावर आला.

तपासणी ही हौशी गिऱ्हाइकाची करमणूक नाही. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडीला तेलातल्या भेसळीचा प्रकार रंगेहाथ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जाळून मारण्यात आलं. अधिकाराचा शिक्का असलेल्या माणसाला जिथं ही किंमत मोजावी लागली, तिथं रांगेतल्या माणसानं फिल्टर पेपर मागावा अशी व्यवस्थेची अपेक्षा आहे. आणि पंपावरचं पोरगं? त्याला कपाटाची किल्लीसुद्धा दिलेली नाही.

आता जरा लांब जाऊ. माझा एक मावसभाऊ मिरजेचा. त्याची लेक न्यू जर्सीत एडिसनला असते. आपली मराठी माणसं त्या भागात इतकी आहेत की गणपतीत ढोल-ताशाच्या पथकाला माणसं कमी पडत नाहीत. पहिल्यांदा तिकडे गेल्यावर तो पंपावर गाडीतून उतरायला लागला, तर लेक म्हणाली, ‘बाबा, बसा. इथं माणूस येतो.’ आला तोही आपल्याकडचाच, पंजाबी. भाऊ खूश. अमेरिका म्हणजे मिरजच की, फक्त थंडी जास्त. चार दिवसांनी पेनसिल्व्हेनियात गेले आणि लेकीनं स्वतः उतरून नोझल हातात घेतलं तेव्हा याला काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं.

न्यू जर्सीत सेल्फ सर्व्हिसला 1949 पासून कायद्यानं बंदी आहे. अख्ख्या अमेरिकेत सरसकट बंदी आता तेवढी तिथंच. ओरेगॉननं 1951 पासूनची आपली बंदी 2023 साली उठवली, तीही एक अट घालून: माणसानं भरलं काय आणि स्वतः भरलं काय, दर एकच. जर्सीच्या पोरी पेट्रोल भरत नाहीत, असे स्टिकर तिथं गाड्यांवर मिरवतात. आपल्याकडे हे ऐकून कुणी म्हणेल, वा, गरिबाच्या रोजगाराची केवढी काळजी. तशी ती नव्हती. कायद्याचं जाहीर कारण आगीचा धोका हे होतं. आतलं कारण असं की 1947 साली लॉस एंजेलिसमध्ये सेल्फ सर्व्हिस सुरू झाली होती, न्यू जर्सीतही कुणीतरी तसा स्वस्त पंप काढून गर्दी खेचली, आणि बाकीच्या पंपमालकांना तो दर परवडेना. माणूस टिकला, पण तो मालकांच्या भांडणात टिकला. ब्राझीलनं 2000 साली बंदी घातली ती मात्र उघड रोजगारासाठी. जपाननं 1998 साली सेल्फ सर्व्हिसला परवानगी दिली, आणि तिथले उरलेले सेवेचे पंप अजूनही काच पुसतात आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत वाकून नमस्कार करतात. या चारही ठिकाणांमधून मला एवढंच दिसतं की माणूस ठेवायचा की नाही हे सेवेवरून क्वचितच ठरतं. ते ठरतं मजुरीच्या, जागेच्या आणि दराच्या गणितावर.

मग आपलं गणित काय? आपल्या देशात विकलं जाणारं पेट्रोल मुख्यतः मोटारींत जात नाही. 2013-14च्या एका देशव्यापी पाहणीत सुमारे 61 टक्के पेट्रोल दुचाक्यांत जातं असं निघालं होतं. साताऱ्याच्या किंवा इस्लामपूरच्या कुठल्याही पंपावर संध्याकाळी सात वाजता उभं राहिलं तर पाहणीची गरज नाही. दुधाचे कॅन लावलेली गाडी, मागे बायको आणि मध्ये लेकरू असलेली गाडी, कॉलेजच्या तिघांची गाडी, आणि प्रत्येकाचं एकच मागणं: शंभरचं टाका. चतुर असतील ते एकशे दहाचं म्हणतात. गोल आकड्याला मशीन आधीच पढवून ठेवलेलं असतं अशी एक लोकसमजूत आहे, आणि फसवणुकीइतकीच ती दणकट आहे. आता शंभराचं पेट्रोल म्हणजे लिटरही नाही. लिटरमागे डीलरला चारेक रुपये सुटतात. म्हणजे एका गाडीमागे चार रुपयांच्या आसपास. सराईत पोरगं मिनिटाला एक गाडी सोडतं: झाकण, नोझल, झिरो, पैसे, पुढे चल. हेच काम गिऱ्हाइकावर सोपवलं तर? तो उतरणार, स्टँड लावणार, सीट उघडणार, मशीनला शंभर सांगणार, क्यूआर शोधणार, टाकीच्या तोंडावर सांडणार, आणि तीन मिनिटांनी मागे वळून विचारणार, ‘हे बंद कसं करायचं?’ अमेरिकेत माणूस महाग आणि जागा ऐसपैस. आपल्याकडे माणूस स्वस्त आणि नोझल दुर्मीळ. सेल्फ सर्व्हिसनं पगार वाचेल पण नोझल अडेल, आणि मालकाचं नुकसान नोझल अडण्यात आहे. आपल्या पंपावर माणूस आहे तो आपल्या संस्कृतीत आतिथ्य आहे म्हणून नव्हे. अतिथी देवो भव म्हणणाऱ्यांनी एकदा महिनाअखेरीला त्या पोराची पगाराची चिठ्ठी बघावी.

कंपन्यांच्या कागदावर त्याचं नाव डीएसएम, म्हणजे डिलिव्हरी सेल्समन. दुकानातल्या सेल्समनला निदान सावली असते. हा छपराखाली असला तरी डांबरी रस्त्याची धग आणि गाड्यांचा धूर यांच्या मधोमध असतो. दिवसाचा हिशोब कमी भरला, पोरांच्या भाषेत ‘शॉर्ट आला’, तर पुष्कळ ठिकाणी तो त्याच्या पगारातून वळता होतो, असं मला एकाहून अधिक पोरांनी सांगितलंय. आणि तो वास. लहानपणी मला आवडणारा तो वास ज्या वाफेचा होता, तिच्यात बेंझीन असतं, आणि बेंझीननं कर्करोग होतो हे वैद्यकाला पक्कं ठाऊक आहे. पेट्रोलमध्ये आता ते एक टक्क्याहून जास्त असू नये असा नियम आहे. मामांच्या काळी त्याच्या जोडीला शिसंही होतं. शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं ते 2000 सालच्या फेब्रुवारीपासून. म्हणजे आमची स्कूटर प्रेमानं हलवणारा माणूस दर खेपेला त्या वाफेवर वाकत होता आणि आम्ही त्याला माया म्हणत होतो. वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा मोठ्या शहरांतल्या मोठ्या पंपांसाठी सक्तीची झाली. लहान गावच्या पोराच्या नाकाची काळजी कुणाच्या यादीत नाही. सेल्फ सर्व्हिसच्या बाजूनं मला खरा वाटणारा मुद्दा हा एवढाच आहे: गिऱ्हाईक ती वाफ आठवड्यातून दोन मिनिटं घेतं, पोरगं रोज आठ-दहा तास घेतं.

इतकं असूनही मी म्हणतो की माणूस हवा. का, ते दोन प्रसंगांतून सांगतो.

8 नोव्हेंबर 2016च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि पंपांवर त्या चालतील असं जाहीर झालं. 2 डिसेंबरपर्यंत चालल्या. त्या तीन आठवड्यांत पंपावरचं पोरगं बँकेचा कारकून झालं. लोक पाचशेची नोट काढायचे, सुट्टे मागायचे, नाहीतर गरज नसताना टाकी फुल करून घ्यायचे. एका मोटारवाल्यानं दोनशेचं भरून तीनशे परत मागितले आणि मिळेनात म्हणून पोराच्या आईवर गेला. दिल्लीत झालेल्या निर्णयाचा राग काढायला समोर सापडलेला एकुलता एक चेहरा तो होता. 16 जून 2017 पासून पेट्रोलचा दर रोज सकाळी सहाला बदलण्याची पद्धत आली. दर कोण ठरवतं, त्यात कर किती, हे त्याला कुणी समजावलेलं नाही. ‘काल कमी होता की रे’ हे मात्र त्यालाच ऐकायला लागतं. तेलशुद्धीकरण कारखान्यापासून मंत्रालयापर्यंतच्या लांबलचक साखळीत ज्याला आपण प्रश्न विचारू शकतो असा हा एकच माणूस आहे. उत्तर त्याच्याकडे नाही हा त्याचा दोष नव्हे.

दुसरा प्रसंग पुराचा. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेनं सांगलीत 2005चा महापूर मागे टाकला, आयर्विन पुलाजवळचं पाणी 57 फुटांवर गेलं. महापुरात पंप बुडतो म्हणजे नुसती मशिनं बुडत नाहीत, जमिनीखालच्या टाक्यांत पाणी शिरण्याची भीती असते. पाणी ओसरल्यावर एक माणूस लांब मोजपट्टी घेतो, तिला एक लेप लावतो आणि टाकीत तळापर्यंत सोडतो. तळाशी पाणी असेल तर तेवढ्या भागाचा लेप रंग बदलतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यानं हे आणखी नाजूक झालंय. पाणी जास्त झालं तर ते इथेनॉलला ओढून घेऊन पेट्रोलपासून वेगळं काढतं. गंमत बघा, इथेनॉल ज्या उसाचं, तो याच कृष्णाकाठचा, आणि पाणीही कृष्णेचंच. कच्चा माल आणि संकट दोन्ही एकाच नदीतून. त्या लेपाचा रंग बघून ‘आज विक्री नको’ म्हणणारा माणूस पंपावर असावा की नसावा? मशीन रंग दाखवील. ‘नको’ म्हणायला तोंड लागतं.

माझं म्हणणं म्हणूनच रोजगारवाल्यांनाही पटणार नाही आणि आधुनिकतावाल्यांनाही. नोझल धरण्यासाठी माणूस ठेवण्यात मला काही मोठेपणा वाटत नाही. ते काम उद्या यंत्रानं केलं तरी माझी हरकत नाही. माणूस हवा तो कपाटाची किल्ली ज्याच्या खिशात आहे असा. रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकासमोर पाच लिटरचं माप ज्यानं स्वतःहून भरून दाखवावं, ज्याला घनतेचा आकडा म्हणजे काय हे ठाऊक आहे, हवेच्या यंत्राजवळ जो उभा आहे, आणि शॉर्ट आला तर ज्याचा पगार कापला जात नाही असा. यात खर्च आहे, मान्य. पण माप तपासायला गिऱ्हाइकाला वकील करायचं आणि माप देणाऱ्याला नळ करायचं, ही आजची रीत स्वस्त असली तरी हिशोबाची नाही.

नाहीतर आणेवाडी आणि तासवड्याच्या टोलनाक्यांसारखं होईल. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, खिडकीतून बाहेर येणारा हात नाहीसा झाला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. तो हात पैसे घेण्यापलीकडे माझ्यासाठी काहीच करत नव्हता. पंपावरचा हात उद्या गेला आणि आपल्याला वाईट वाटलं नाही, तर आपण त्याला तेवढंच ठेवलं होतं असा त्याचा अर्थ होईल. विजेच्या गाड्यांनी सुरुवात केलीच आहे. महामार्गावरच्या हॉटेलांच्या आवारात चार्जर उभे असतात, सोबत कुणी नाही. मागच्या दिवाळीत भाच्याच्या गाडीतून येताना अशाच एका चार्जरशी आम्ही पाऊण तास झुंजलो. ॲप ओटीपी मागतं, ओटीपी येत नाही, हेल्पलाइन हिंदी आणि इंग्रजीतून धीर देते. शेवटी हॉटेलातला पोऱ्या पाण्याचा जग घेऊन आला, म्हणाला, ‘दादा, ते लाल बटण दाबा, उलटं फिरवून सोडा, मग कार्ड लावा.’ चालू झालं. त्याला हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, रोज दोन-तीन जण अडकतातच. त्याचा पगार चहा देण्याचा होता.

परवा सांगलीत कॉलेज कॉर्नरकडून येताना एका पंपावर थांबलो. भरायला एक बाई होत्या, चाळिशीच्या, ओढणी नाकावर बांधलेली. मी दोनशे सांगितले. त्यांनी झाकण उघडलं, नोझल घातलं आणि माझ्या मागच्या चाकाकडे बघून म्हणाल्या, ‘काका, हवा पार गेलीय ओ. असंच पुलावर जाणार काय?’

‘इथं हवा आहे ना?’

‘मशीन महिना झाला बंद आहे,’ त्या आवाज उतरवून म्हणाल्या. ‘समोर पंक्चरवाला आहे त्याच्याकडे जावा. दहा रुपये घेईल. पुढचं पण बघायला सांगा, तेबी बसलंय.’

रस्ता ओलांडून गेलो. पंक्चरवाल्यानं मागच्या चाकातला खिळा काढला, दोन्ही चाकांत हवा भरली, आणि ‘ताईंनी पाठवलं काय?’ एवढंच विचारलं. आयर्विन पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की झिरो बघायचा राहिला. त्यांनीही सांगितलं नव्हतं.